भीती कुठल्या पानावर लागली? भयकथेचं परीक्षण आणि भयकथाकाराची मुलाखत

तालुक्याच्या ठिकाणी भयकथा लिहिणाऱ्या लेखकाचा कार्यक्रम असला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, तुम्ही स्वतः भूत पाहिलं का?" लेखक हसून काहीतरी सांगतो, मग श्रोत्यांमधून एकेकाचे अनुभव सुरू होतात आणि पुस्तक टेबलावरच राहतं. परीक्षणांचंही फार वेगळं नाही. "अंगावर काटा आणणाऱ्या कथा" एवढं लिहून झालं की उरलेल्या जागेत कथानक सांगितलं जातं, पुष्कळदा शेवटासकट. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते: ती भीती कागदावर तयार कशी झाली. भूत आहे की नाही हा वाद पानठेल्यावर चालू द्या. मुलाखतीत आणि परीक्षणात वाक्यांबद्दल, प्रसंगांच्या क्रमाबद्दल, लेखकाने काय लपवलं आणि कधी उघड केलं याबद्दल बोला. पुढची सगळी कृती यासाठीच आहे.

कामाचा क्रम असा ठेवा: दोन वाचनं, परीक्षणाचा कच्चा खर्डा आणि त्यानंतर मुलाखत. खर्डा मुलाखतीआधीच व्हायला हवा. विदर्भात लिहिणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे. लेखक बहुधा जवळच्याच शाळेत किंवा कॉलेजात शिकवणारा असतो, पुस्तक स्वाक्षरी करून भेट देतो, घरी गेलं की जेवल्याशिवाय सोडत नाही. त्या पाहुणचारानंतर "तिसरी कथा फसली आहे" हे वाक्य लिहिणं जड जातं. ते आधीच लिहून ठेवलेलं असेल तर निदान खोडताना हात थांबतो. आणि पुस्तक भेट मिळालेलं असेल, लेखक नात्यातला किंवा ओळखीचा असेल, तर परीक्षणात तसं एका ओळीत सांगून टाका.

दोन वाचनं

पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा पानं मोजा. मराठी पुस्तकं साधारण १६ पानांच्या फर्म्यांनी बांधलेली असतात. बांधणीत एखादा फर्मा सुटला किंवा उलटा लागला तर कथेत अचानक मोठी उडी दिसते. इतर प्रकारच्या पुस्तकात ही चूक लगेच कळते. भयकथेत मात्र वाचक ती लेखकाची योजना समजतो आणि परीक्षक तिचं कौतुकही करून बसू शकतो. वाचनालयाची प्रत असेल तर शेवटचं पान जागेवर आहे का तेही बघा, कारण भयकथेच्या जुन्या प्रतींचं शेवटचं पान हातोहाती फिरून सुटलेलं असतं. वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालवू नका, कागदाच्या चिठ्ठ्या वापरा.

पहिलं वाचन सलग करा. पंधरा पानांची कथा अर्ध्या-पाऊण तासात होते, मध्ये उठू नका. या वाचनात काहीही लिहायचं नाही. जिथे शरीराने काही केलं, म्हणजे श्वास थांबला, मागे वळून पाहिलं, पान उलटायला हात धजावला नाही, तिथे फक्त चिठ्ठी घालायची. कथा संपली की वहीत दोन गोष्टी टिपा: किती वाजता वाचली आणि कुठल्या परिस्थितीत. रात्री अकरानंतर वीज गेलेल्या घरात एकट्याने वाचलेली कथा आणि एसटीत खिडकीपाशी बसून वाचलेली कथा यांचा परिणाम एक नसतो. ही नोंद नसेल तर दोन कथांची तुलना अन्यायाची होते. एका दिवसात दोनच कथा वाचा. तिसऱ्या कथेपासून मन सरावतं, पुढे काय होणार याची वाट पाहू लागतं, आणि तो थकवा लेखकाच्या माथी मारला जातो.

दुसरं वाचन दिवसा करा. वहीत चार रकाने आखा: पान क्रमांक, प्रसंग, काय वाटलं, आणि त्याची तयारी मागे कुठे झाली. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. चिठ्ठीच्या पानावरून दोन-तीन पानं मागे या आणि लेखकाने काय पेरलं होतं ते शोधा.

तिसऱ्या रकान्यात नुसतं "भीती" लिहून भागत नाही. दचका, किळस, धास्ती आणि बेचैनी ही वेगवेगळी कामं आहेत आणि वेगवेगळ्या साधनांनी होतात. दचका वाक्याच्या लयीतून येतो: लांब, संथ वाक्यांची रांग आणि मग तीन शब्दांचं वाक्य. किळस शरीराच्या तपशिलातून, वासातून आणि स्पर्शातून येते. धास्तीसाठी वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहिती द्यावी लागते; दाराआड काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि ती बाई कडी काढत असते. बेचैनी सगळ्यांत कठीण. तिच्यात रोजची वस्तू असते तशीच राहते, फक्त एक गोष्ट थोडीशी चुकलेली असते. एखाद्या लेखकाला दचके उत्तम जमतात पण धास्ती अजिबात जमत नाही, हे या रकान्यावरून आपोआप दिसतं, आणि परीक्षणाचा मुख्य मुद्दा बहुतेक वेळा इथेच सापडतो.

कधीकधी चौथा रकाना रिकामा राहतो. भीती तर वाटली होती, पण मागे काहीच पेरलेलं नाही. अशा वेळी ती भीती बहुधा वाचकाच्या स्वतःच्या आठवणीतून आलेली असते: आपल्या गावची पडकी विहीर, लहानपणी ऐकलेला पिंपळावरचा मुंजा. तिचं श्रेय लेखकाला देऊ नका.

पंचांग, पीक आणि वीज

भयकथेत वाचकाने अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवायचा असतो, म्हणून शक्य गोष्टी काटेकोर असाव्या लागतात. गावचा वाचक एका चुकीच्या तपशिलावर कथेतून बाहेर पडतो आणि परत आत येत नाही. त्यामुळे परीक्षकाने तपासणी करायलाच हवी.

चंद्रापासून सुरुवात करा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमाराला उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, शुद्ध अष्टमीचा त्याच सुमाराला मावळतो. पोळा अमावास्येला असतो. तेव्हा पोळ्याच्या रात्री चांदण्यात चमकणारी बैलांची शिंगं ही सरळ चूक आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते त्या रात्रीही चांदण्यावर कथा उभी करता येत नाही. भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा उत्सव, भाद्रपद पौर्णिमेला बसतात आणि कोजागिरीला उठतात. या महिन्याभरात चांदणंही मिळतं, काळोखही मिळतो, फक्त तिथी जुळली पाहिजे.

मग पीक. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होते, जूनमध्ये नाही. डिसेंबरमध्ये तूर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असते, तिच्यात कुणीही लपू शकतं. पूर्व विदर्भात मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि माणसं पहाटेच्या अंधारात ती वेचायला जातात. तेंदूपानांचा हंगाम मे महिन्यात. हिवाळ्यात कृषिपंपांना रात्रीची वीज असली की शेतकरी एकटा, बॅटरी घेऊन, गव्हाला पाणी द्यायला निघतो. जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, गेलेला माणूस मचाणावर रात्र काढतो. त्याच्या मनात रानडुक्कर असतं, बिबट असतो, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावली तरी कळत नाही ही जाणीव असते. या खऱ्या भीतींचं लेखकाने काय केलं हे नक्की नोंदवा. ज्या कथेत शेतात गेलेला माणूस सापाचा विचारच न करता थेट हडळीला घाबरतो, ती कथा शहरातल्या टेबलावर लिहिलेली वाटते.

लोकसमजुतींचीही हीच गोष्ट. मेळघाटातल्या कोरकू गावात भुमका देवाधर्माचं आणि औषधपाण्याचं बघतो. त्याला लिंबू-सुया घेतलेला मांत्रिक म्हणून रंगवलं असेल तर लेखकाने चौकशी केलेली नाही आणि एका समाजाला भीतीचं नेपथ्य करून ठेवलं आहे. हे परीक्षणात सौम्यपणे, पण स्पष्ट लिहा. करणी करणारी बाई दरवेळी विधवाच का, मांत्रिक दरवेळी त्याच एका समाजाचा का, हे प्रश्न भयकथेच्या परीक्षणात यायलाच हवेत.

वेळ मागताना

लेखकाचा क्रमांक पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर किंवा प्रकाशकाकडे मिळतो. सरळ फोन लावू नका, आधी मजकूर पाठवा. त्यात सहा गोष्टी असाव्यात: तुम्ही कोण, मुलाखत कुठे छापली जाणार, कोणत्या पुस्तकावर, किती वेळ लागेल, रेकॉर्डिंग होणार का, आणि छापण्याआधी त्यांना काय दाखवणार. उदाहरणार्थ:

"नमस्कार सर. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तुमच्या नव्या कथासंग्रहावर मुलाखत घ्यायची आहे. संग्रह दोनदा वाचला आहे. साधारण पन्नास मिनिटं लागतील, आवाज रेकॉर्ड करू. छापण्याआधी तुमची उत्तरं तुम्हाला दाखवू, प्रश्न आणि मथळा आमच्याकडे राहील. तुम्हाला सोयीचा दिवस कळवाल का?"

"दोनदा वाचला आहे" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. त्याचा परिणाम मोठा असतो, कारण न वाचता आलेले मुलाखतकार लेखकांनी पुष्कळ पाहिलेले असतात. भयकथा लिहिणाऱ्यांना उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत दिवाळी अंकांची घाई असते. तेवढे दिवस टाळा. आणि लेखिकेला "बाई असून भयकथा?" या अर्थाचं काहीही, मजकुरात किंवा समोर, विचारू नका.

उत्तरं आधी दाखवायची की नाही यावर मतभेद आहेत. आमच्या मते भयकथेच्या बाबतीत दाखवावीत, कारण बोलण्याच्या भरात लेखकाकडून शेवट फुटतो किंवा गावातल्या एखाद्या खऱ्या कुटुंबाचा उल्लेख होतो. पण मुदत द्या, तीन दिवस पुरे. मुदतीत उत्तर नाही आलं तर तसंच छापू, हेही आधीच कळवा.

जागा आणि आवाज

वातावरणनिर्मिती म्हणून स्मशानाजवळ, पडक्या वाड्यात वगैरे मुलाखत घेण्याचा मोह होतो. तो सोडा. वारा आवाज खातो, कुत्री भुंकतात, आणि लेखक बोलण्याऐवजी अभिनय करू लागतो. त्याच्या घरची लिहिण्याची जागा सगळ्यांत चांगली. शाळेच्या रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, आणि टिनाखाली पावसाळ्यात काहीच ऐकू येत नाही.

विदर्भात खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात दुपारी तो बंद करा असं सांगताही येत नाही आणि त्याच्या घरघरीत निम्मी वाक्यं बुडतात. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठची वेळ मागा. पंखाही फोनच्या थेट वर नको.

फोन फ्लाइट मोडवर टाका, टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवा, म्हणजे टेबलाचा ठोका उमटत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतर ठेवा. कॉलरचा माइक असेल तर छातीच्या वरच्या भागात, शाल किंवा दुपट्टा घासणार नाही असा. साध्या एम४ए प्रकारात एका तासाची फाइल साधारण ६० एमबीची होते. सुरू करण्याआधी मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका. दुसऱ्या फोनवरही रेकॉर्डिंग चालू ठेवा, एक बंद पडतोच असं धरून चला. सुरुवातीला तारीख आणि "रेकॉर्डिंग करत आहोत, चालेल ना?" हा प्रश्न, त्यांच्या होकारासह, रेकॉर्डमध्ये येऊ द्या.

समोरासमोर जमत नसेल आणि तिकडे रेंज धड नसेल तर सलग कॉलचा हट्ट नको. व्हॉट्सॲपवर एका वेळी एकच प्रश्न आवाजात पाठवा, उत्तर आवाजात मागा, ते ऐकून पुढचा ठरवा. चार दिवस लागतात, पण उत्तरं विचारपूर्वक येतात. सगळे प्रश्न एकदम पाठवले तर परीक्षेच्या पेपरासारखी उत्तरं मिळतात.

प्रश्न

बारा ते पंधरा प्रश्न लिहून न्या. पन्नास मिनिटांत सात-आठच होतील, आणि तेवढेच व्हावेत. प्रत्येक प्रश्नाला पुस्तकातल्या एखाद्या पानाचा आधार असू द्या. "कल्पना कुठून सुचतात?" याचं उत्तर लेखकाकडे तयार असतं आणि ते त्याने आधी कुठेतरी दिलेलंही असतं. "चौथ्या कथेत म्हातारी पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्या पायांचं वर्णन नाही. ते मुद्दाम टाळलं का?" याचं उत्तर तयार नसतं. लेखक थांबतो, आठवतो, आणि मग कारागिरीबद्दल बोलायला लागतो.

सुरुवात सोप्या, ठोस प्रश्नाने करा: ही कथा कोणत्या दृश्यापासून सुरू झाली, पहिला खर्डा किती पानांचा होता, शेवटी किती राहिला. भयकथेत कापलेला मजकूर फार सांगून जातो. कुठलं वर्णन काढलं, कुठलं स्पष्टीकरण काढलं, भुताला किती वेळा दाखवायचं हे कसं ठरवलं, हे विचारत जा. लेखकाची तयारी असेल तर जुना खर्डा पाहायला मागा. एका वाक्याचे तीन अवतार शेजारी शेजारी छापले तर वाचकाला अख्ख्या मुलाखतीइतकं समजतं.

मग पुस्तकाच्या गाभ्याकडे या. कथा सांगणारा माणूस विश्वासाचा आहे का, आणि तो तसा नाही हे वाचकाला कधी कळावं असं ठरवलं होतं? शेवट याच वाक्यावर का थांबवला, पुढचं वाक्य लिहिलं होतं का? निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रं वऱ्हाडीत बोलतात, तर भीतीच्या क्षणी निवेदनाची भाषा का बदलली नाही? मोबाइल असताना माणूस एकटा पडणं अवघड झालं आहे, ते कसं सोडवलं: रेंज गेली, चार्जिंग संपलं, की फोन लागला आणि पलीकडचा आवाज चुकीचा होता? पूर्व विदर्भातल्या लेखकाने झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी लिहिलं असेल तर तिथला अनुभव आवर्जून विचारा. रात्रभर चालणाऱ्या नाटकात हजारो माणसांसमोर भीती टिकवणं आणि कागदावर एकट्या वाचकासमोर टिकवणं यांतला फरक सांगू शकणारी माणसं थोडी आहेत.

अवघड प्रश्न वेळेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवा. उसनवारीचा प्रश्न त्यातला एक. मराठी भयकथेत तो नवा नाही: नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'लुचाई' आणि 'शपथ' यांचं स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांशी असलेलं नातं वाचक कधीपासून बोलत आले आहेत, आणि तरीही धारपांची जागा ढळलेली नाही. म्हणून हा प्रश्न आरोपासारखा विचारायचं कारण नाही. "ही मांडणी अमुक कथेची आठवण करून देते. तिथून काय घेतलं आणि इथे आणताना काय बदलावं लागलं?" असं विचारा. बदलावं काय लागलं या भागातच खरं उत्तर असतं. त्यासाठी तुम्ही ती दुसरी कथा वाचलेली मात्र पाहिजे.

"सत्य घटनेवर आधारित" असं मुखपृष्ठावर असेल तर सोडून देऊ नका. सत्य काय आहे ते वेगळं करून मागा: जागा खरी, माणूस खरा, की घटना खरी? कोणी सांगितली, त्यांना कथा लिहिली जाणार हे माहीत होतं का?

लेखकाला भयकथेच्या खोलीत कोंडूही नका. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) गूढकथांसाठी जितके ओळखले जातात तितकेच बालनाट्यांसाठी, आणि 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण मुलांना एकाच वेळी घाबरवते आणि हसवते. तुमच्या लेखकाने कविता, शेतीवरचे लेख, एकांकिका असं काही लिहिलं असेल तर ते वाचून जा. भीतीची लय बरेचदा तिथून आलेली असते.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच आकडे मोजा. लेखक पुन्हा बोलू लागतो, आणि ते दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा चांगलं असतं. "म्हणजे कसं?" हा सगळ्यांत उपयोगी उपप्रश्न आहे. "हे छापू नका" असं म्हणाले तर रेकॉर्डिंग थांबवा, वहीही मिटा, आणि पुन्हा सुरू करताना तसं सांगा.

गप्पा भुताखेतांच्या अनुभवांकडे वळल्याच तर तोडू नका, पण परत कथेवर आणा: "हे ऐकलेलं तुम्ही कथेत वापरलं नाही. का?"

बोलणं कागदावर उतरवताना

एका तासाचं बोलणं नीट उतरवायला पाच-सहा तास लागतात. आवाजावरून मजकूर करणारी ॲप्स प्रमाण मराठी बरी पकडतात, वऱ्हाडी किंवा झाडीबोली आली की गडबडतात. "डोया" (डोळा) ऐकलं की भलताच शब्द येतो. म्हणून ॲपचा मजकूर आवाजाशी ओळ न ओळ ताडून पाहा.

लेखक वऱ्हाडीत बोलला असेल तर त्याचं सगळं बोलणं प्रमाण करून टाकू नका, आणि प्रत्येक शब्द बोलीत उतरवून त्याला गमतीचा विषयही करू नका. क्रियापदं आणि वाक्यरचना जशी बोलली तशी ठेवली की आवाज टिकतो. कुठे थांबायचं हे त्यालाच विचारा, आणि ठरलं की शेवटपर्यंत तेच पाळा. शब्दाचं लेखन माहीत नसेल तर फोन करून विचारा. प्रश्नांचा क्रम बदलायला हरकत नाही, पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली जाता कामा नये.

परीक्षण लिहिताना

सहाशे ते आठशे शब्द पुरतात. बारा कथांच्या संग्रहात सगळ्या बारांवर दोन-दोन ओळी लिहिण्यापेक्षा तीन-चार कथा निवडा, त्यांत एक फसलेली घ्या, आणि त्यांतून लेखकाची पद्धत दाखवा. कथांचा क्रमही बघा. सारखाच धक्का देणाऱ्या दोन कथा शेजारी आल्या असतील तर दुसरी मरते, आणि ती चूक संपादनाची आहे.

कथानक पहिल्या चतुर्थांशापलीकडे सांगू नका. शेवट कधीच नाही. दोष शेवटातच असेल तर शेवट काय करतो ते सांगा, शेवट काय आहे ते नको. समजा एक कथा अशी आहे: शिरपा रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला जातो. मोटार सुरू आहे, पण दांडात, म्हणजे शेतातल्या पाटात, पाणी येत नाही. तो विहिरीकडे जातो, तर काठावर त्याच्याच चपला काढून ठेवलेल्या. तो चपला घालूनच आलेला आहे. यावर वाईट परीक्षण असं असतं:

"वातावरणनिर्मिती अप्रतिम. विहिरीवर चपला दिसतात तेव्हा अंगावर शहारे येतात. शिरपा आधीच मेलेला असतो हे शेवटी कळल्यावर वाचक सुन्न होतो."

कथा संपवून टाकली आणि ती चालते कशी हे सांगितलंच नाही. आता हे पाहा:

"पहिली तीन पानं लेखक मोटारीशिवाय दुसरं बोलत नाही. फ्यूज, स्टार्टर, कुठे दांड फुटला का. वाचकही शिरपाबरोबर बिघाड शोधू लागतो. त्यामुळे चौथ्या पानावर विहिरीपाशी दोन चपला दिसतात तेव्हा आधी तोही एक बिघाडच वाटतो, आणि भीती एक वाक्य उशिरा पोचते. कथेतली ही सर्वांत उत्तम जागा आहे. शेवटचा परिच्छेद मात्र वाचकाला कळलेलंच पुन्हा समजावून सांगतो. तो नसता तर कथा घरी सोबत आली असती."

दुसऱ्यात कौतुकही आहे, टीकाही आहे, आणि वाचायला घेणाऱ्याचं काहीही हिरावलेलं नाही. चार रकान्यांची वही असेल तर असा परिच्छेद अर्ध्या तासात होतो. "थरारक", "खिळवून ठेवणारं", "एका बैठकीत संपवलं" हे शब्द आले की तिथे पान क्रमांक आणि कारण आहे का ते बघा. नसेल तर शब्द काढा. उतारा दोन-तीन वाक्यांचा द्या, पान क्रमांकासह, आणि तो शेवटाजवळचा नको.

मला भीती वाटली नाही म्हणून कथा वाईट, असंही होत नाही. काही काळोख्या कथांना घाबरवायचंच नसतं. कर्ज, हिंसा, घरातला कोंडमारा यांवरच्या कथेत भूत येतं ते दुःखाला आकार द्यायला. अशा कथेला शहाऱ्याच्या मापाने मोजलं तर परीक्षण चुकतं. शेवटी एका ओळीत आशयाची सूचना द्या: लहान मुलाचा मृत्यू, लैंगिक हिंसा, प्राण्यांवरील क्रूरता, आत्महत्या. त्याखाली पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत.

जिथे जास्त जपायचं

विदर्भात शेतकरी आत्महत्येवर लिहिलेली भयकथा परीक्षणाला येणारच. परीक्षणात आत्महत्येची पद्धत, वस्तू, औषधाचं नाव लिहू नका, तो उताराही निवडू नका. मेलेला शेतकरी नुसता दचकवण्यासाठी वापरला असेल तर तो दोष म्हणून नोंदवा. मजकुराखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. मुलाखतीत हा विषय येणार असेल तर लेखकाला आदल्या दिवशी कळवा; त्याच्या स्वतःच्या घरातली गोष्ट असू शकते.

करणी-भानामतीच्या कथांबाबत आणखी एक. एखाद्या माणसावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला त्रास देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि विदर्भात अशा संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे. म्हणून लेखकाने बोलण्यात गावाचं, कुटुंबाचं नाव घेतलं असेल तर ते छापू नका. "अमक्या नदीकाठचं गाव, तिथली ती म्हातारी" एवढ्यावरूनही ओळख पटते. तालुका बदलण्यापेक्षा तो उल्लेखच काढा. विधी, मंत्र, साहित्य यांची यादी परीक्षणात नको. कथेत ती असेल तर तिचा कथेवर काय परिणाम झाला तेवढं लिहा.

छापून आलं की लेखकाला अंकाच्या दोन प्रती पाठवा, परीक्षण प्रतिकूल असलं तरीही. वाचनालयाला एक द्या. रेकॉर्डिंग आणि टिपणांची वही वर्षभर जपून ठेवा. तथ्याची चूक निघाली, म्हणजे साल, पान, नाव, तर पुढच्या अंकात त्याच सदरात, चुकीचं आणि बरोबर दोन्ही देऊन दुरुस्ती छापा. मताबद्दल तक्रार आली तर दुरुस्ती नको. लेखकाला उत्तरासाठी दोनशे शब्दांची जागा द्या आणि त्याखाली आपली टिप्पणी जोडू नका.